आई फिरायला गेली आहे

सोमवार, विमानतळावरच्या बाकावरून

चिरंजीव लाडोबास,

फोन करायचा नाही, असं तू बजावलंस. ठीक आहे. पत्र लिहायचं नाही असं काही म्हणाला नव्हतास, म्हणून लिहिते आहे. आमचा टूर मॅनेजर ह्या कागदाचा फोटो काढून सूनबाईच्या मोबाईलवर पाठवणार आणि ती तुला जेवताना वाचून दाखवणार, असं आम्हा दोघींचं ठरलंय. तू हवं तर पेपर वाचत असल्याचं सोंग कर. डोळे मिटता येतात, कान नाही मिटता येत.

आता हातातला घास खाली ठेव आणि ऐक. तुझे साहेब ह्याच टूरवर आहेत.

होय, तेच. तुझ्या शोकेसमधल्या ऑफिसच्या फोटोत मधोमध उभे आहेत ते, कानांवर केस असलेले. सोबत बाईसाहेब. निघताना सगळी मंडळी जमली, मॅनेजर म्हणाला, "ह्या आपल्या स्वयंपाकीणबाई," मी हात जोडले आणि समोर बघते तर हे! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण त्यांनी मला कुठे पाहिलंय? तू त्यांना कधी घरी बोलावलं नाहीस आणि मला कधी ऑफिसच्या कार्यक्रमाला नेलं नाहीस. तुझी ही दूरदृष्टी आज कामाला आली बघ.

तेव्हा घाबरू नकोस. मी ताकास तूर लागू दिलेली नाही. साहेबांनी नमस्कार केला, मी नमस्कार केला, संपलं. टूरवर मला सगळे 'मावशी' म्हणतात, आडनाव कुणी विचारत नाही. तू निश्चिंत राहा आणि नीट जेव.

निघायच्या आधी तू जे काय बोललास ते सगळं इथे लिहीत बसत नाही, कागद फुकट जाईल. "मुलगा अधिकारी आणि आई लोकांच्या पोळ्या लाटत देशोदेशी हिंडते, माझी मान खाली जाते," हे एक वाक्य मात्र घशात अडकलंय, खाली जात नाही. अरे, ती मान वर कशी झाली? तुझे बाबा गेल्यावर ह्याच लाटण्याने झाली ना? तेव्हा लोकांचे डबे भरले, आता विमानात बसून भरते. ह्या वयात मला कुणी विमानात बसवून नेतं ते माझ्या रूपावर भाळून नव्हे.

आणि दुसरं. सूनबाईकडून कळलं की मी मागच्या टूरवर असताना साहेबांनी तुला विचारलं होतं, "आई कशा आहेत?" तर तू म्हणालास, "आई फिरायला गेलीय, परदेशात." हे ऐकून मी एवढी हसले की शेजारी बसलेल्या, टूरवरच्याच एका गुडघेवाल्या आजींनी मला पाणी दिलं. लहानपणापासून तू खोटं बोललास की तुझी कानशिलं लाल होतात. तेव्हाही झाली असणार. साहेबांचं लक्ष नसेल.

पण हसून झाल्यावर मी विचार केला. माझा मुलगा साहेबांसमोर खोटा पडलेला मला चालणार नाही. मग उपाय काय? फिरायचं! ही टूर म्हणजे विमानं बदलत बदलत जायची. जिथे विमान बदलायचं तिथे एखाद-दुसरा दिवस मुक्काम, शहर बघायचं आणि पुढचं विमान धरायचं. जेवण मात्र सगळीकडे आपलं, माझ्या हातचं. माझी पत्र्याची पेटी सोबत असते, तिच्यात कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, मसाले, डाळी. हॉटेलवाले स्वयंपाकघराचा एक कोपरा देतात. तर मी ठरवलंय की प्रत्येक मुक्कामी स्वयंपाक उरकला की एक तरी जागा बघून यायची. म्हणजे तू सांगितलंस ते खरं होईल. तुझ्या अब्रूची काळजी मला तुझ्यापेक्षा जास्त आहे.

सुरुवात इथूनच केली. मी बसलेय त्या बाकासमोर भिंतभर काच आहे आणि आत मासे. एक गलेलठ्ठ मासा तोंड उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. बोलत काहीच नाही. अगदी माझ्याशी भांडून झाल्यावर तू दिसतोस तसा. मी पुष्कळ वेळ बघत बसले.

तुझी, फिरायला गेलेली,
आई


बुधवार, पहिला मुक्काम

चिरंजीव,

सूनबाईचा निरोप आला. तू पेपर उलटा धरला होतास म्हणे. मजा आहे.

इथला हॉटेलचा मुख्य आचारी उंचापुरा, डोक्यावर कागदी टोपी, मिशा वर वळवलेल्या. त्याने मला एक कोपरा दिला, पण असा, की जणू भाडेकरूला न्हाणीघर दाखवतोय. माझं लाटणं उचलून उलटंपालटं करून पाहिलं. मी मनात म्हटलं, हाताच्या काकणाला आरसा कशाला? तवा तापवला, एक पोळी टाकली. फुगली. त्याच्या हाताखालची माणसं कांदे चिरायची थांबली. दुसरी फुगली, तेव्हा सगळे गोळा झाले. तिसरी फुगली आणि लेका, टाळ्या पडल्या! त्याने टोपी काढून मला दाखवली, म्हणजे वाकला. अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ना, ते कुठे चढतं ते मला काल कळलं. तुझ्या ऑफिसात फाईल फुगली तर कुणी टाळ्या वाजवतं का?

दुपारी मंडळी जेवली आणि झोपली. एवढी लांब येऊन आपली माणसं दुपारी झोपतात, काय म्हणावं! मी भांडी आवरली, पदर खोचला आणि एकटी निघाले. मॅनेजर म्हणाला, "मावशी, हरवाल." मी म्हटलं, "हरवले तर रात्रीच्या जेवणाला शोधालच."

बंदरावर जाऊन बोट घेतली, पलीकडच्या काठाला जाणारी. आत सगळी कामाला जाणारी-येणारी माणसं. कुणी पेंगतंय, कुणी मोबाईल बघतंय, एक बाई भाजीच्या टोपल्या पायाशी घेऊन बसलेली. मी टोपलीत डोकावले, तर तिने एक पालेभाजी उचलून माझ्या नाकाशी धरली. मी हुंगून मान हलवली, म्हणजे शिळी आहे. ती एवढी चिडली! मग हसली, आणि खालची ताजी जुडी काढून दाखवली. सगळीकडच्या भाजीवाल्या वरती शिळी आणि खाली ताजी ठेवतात की काय, देव जाणे.

पलीकडे एका टेकडीवर मनोरा आहे. गुडघे नको म्हणत होते, मी त्यांना म्हटलं, मुलाने साहेबांना सांगितलंय, चढावं लागेल. चढले. वरून सगळं शहर, बोटी, पूल, आमचं हॉटेल. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुठली ते शोधत होते. मग पदरात बांधून आणलेली पोळी-भाजी काढली आणि कठड्याला टेकून खाल्ली. उभ्याने खायची सवय असल्यामुळे बाक शोधावा लागला नाही.

आता खरी गोष्ट. काल रात्रीच्या जेवणाला मी पोळ्या वाढत होते. साहेब शेजारच्या बँकवाल्या काकांशी बोलत होते. म्हणाले, "हल्लीच्या मुलांचं सोडा, पण आमच्याकडे एक आहे. काम असं की परत बघावं लागत नाही. वरचा दबाव आला तरी चुकीच्या कागदावर सही करणार नाही. माझ्यानंतर खुर्चीवर बसावा तर त्यानेच." काकांनी नाव विचारलं. साहेबांनी तुझं नाव घेतलं!

मी साहेबांना पोळी वाढली. परत वाढली. ते "नको, नको" म्हणत होते तरी वाढली. शेवटी बाईसाहेबांनी त्यांच्या ताटावर हात आडवा धरला. म्हणाल्या, "मावशी, अहो, त्यांना साखर आहे."

अगदी जिभेवर आलं होतं, "तो माझा!" गिळलं. आयुष्यात पुष्कळ गिळलंय, पण हा घास फार मोठा होता रे. मी आत गेले आणि त्या टोपीवाल्या आचाऱ्याला सगळं सांगितलं, आपल्या भाषेत. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं आणि दोन वाट्या सूप पुढे ठेवलं. मी घेतलं नाही. टूरच्या कामावर असताना मी बाहेरचं काही तोंडात घालत नाही, माझं पोट बिघडलं तर सगळ्यांचं जेवण बिघडेल. हा माझा नियम आहे.

साहेब पुढे असंही म्हणाले की, "घरचं मात्र कधी अक्षर बोलत नाही. कोण आहे, कसे आहेत, काही कळत नाही."

हे मी ऐकलंच नाही, असं समज.

आई


शुक्रवार, दुसरा मुक्काम

चिरंजीव,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते काल झालं.

निघताना विमानतळावर सगळ्यांचं मोठं सामान थेट शेवटच्या शहरात पाठवायचं ठरलं. मधल्या मुक्कामाला हातातली छोटी बॅग पुरे. सगळ्यांनी तसं केलं. मीही माझी पेटी ऐटीत पुढे ढकलली. नेहमीच्या टूरला मधे मुक्काम नसतो, त्यामुळे माझ्या डोक्यात आलंच नाही की पेटी गेली म्हणजे स्वयंपाकघर गेलं. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी डकवली, पेटी पट्ट्यावरून गेली, मी तिला टाटा केला! आणि इथे उतरून बघते तर माझ्या हातात काय? पर्स, शाल आणि लोणच्याची बाटली.

मॅनेजरचं तोंड पांढरं पडलं. बँकवाले काका म्हणाले, "आपलं जेवण मिळेल म्हणून तर ह्या कंपनीकडून आलो!" गुडघेवाल्या आजी म्हणाल्या, "मी बिस्किटांवर राहीन." साहेबांच्या पोटातले कावळे तर मला ऐकू येत होते.

मी रडावं अशी सोय नव्हती. खुर्चीवर चढले. खरंच चढले. म्हटलं, "ऐका! माझा तवा पुढे गेलाय, पण माझी जीभ माझ्याजवळ आहे. तुमच्यातल्या प्रत्येकाला काय चालतं, काय नाही, ते मला पाठ आहे. आता आपण बाहेर जेवायला जाणार. आधी मी खाणार. मला पटलं तर तुम्ही खाणार. कुणी मधे बोलायचं नाही." इतक्या वर्षांचा माझा बाहेरचं न खाण्याचा नियम, तो त्या खुर्चीवरच मोडला. कंपनीच्या पाटीवर 'घरचं जेवण' लिहिलंय, आणि मी निघाले वरात घेऊन रस्त्यावर!

हॉटेलमागे एक गल्ली आहे, दोन्ही बाजूंना खाण्याची दुकानं, मोठमोठी वाफेची भांडी, खाली लालभडक विस्तव. मी पुढे आणि माझ्यामागे सगळी रांग. एका दुकानात नाक घातलं, तेल जुनं. पुढे. दुसऱ्यात भांडी नीट घासलेली नाहीत. पुढे. तिसऱ्यात मालकीणबाई गल्ल्यावर न बसता स्वतः झाऱ्यापाशी उभी, आणि तिचं घरचं पोर तिथेच कोपऱ्यात बसून तेच खात होतं. म्हटलं, बसा सगळे.

मग मी चाखायला सुरुवात केली. वाफवलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, आत भाजी. मऊ, गुडघेवाल्या आजींना, कारण त्यांची कवळी. पातळ सूप, तांदळाच्या शेवया घातलेलं, बँकवाल्या काकांना, कारण त्यांचं पित्त. परतलेल्या पालेभाजीवर लसूण, ती साहेबांना, भात बेताचा, साखरेचं त्यांनी विसरू नये. मासे खाणारे एका टेबलावर, न खाणारे दुसऱ्यावर. मालकीण आणि मी खुणांनी भांडत होतो. मी बोट दाखवून "तिखट कमी" म्हणायची, ती मान हलवून "तसंच खायचं असतं" म्हणायची. शेवटी तिने एक वाटी तिच्या पद्धतीची केली आणि माझ्यापुढे आपटली. खाल्ली. काय सांगू! ती बरोबर होती. मी तसं कबूल केलं, तिने मिशा नसतानाही मिशीला पीळ दिला.

सगळी मंडळी जेवत होती. काकांनी दुसरी वाटी मागितली. आजी बोटं चाटत होत्या. मी आपली सवयीने ह्या टेबलावरून त्या टेबलावर, कुणाला पाणी, कुणाला भात, बरोबरच्या बाटलीतलं लोणचं प्रत्येकाला बोटभर. मालकीण बघत होती. एकदम आली, माझा दंड धरला आणि मला एका स्टुलावर बसवलं. मी उठले. तिने परत बसवलं. मी भाताच्या भांड्याकडे हात केला तर तिने माझ्या हातावर फटका मारला, खरा फटका, चट्ट आवाज आला! माझ्यापुढे तिने भात ठेवला, सूप ठेवलं, भाजी ठेवली आणि समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी संपवेपर्यंत हलली नाही.

मी बसून जेवले. गरम जेवले. दुसऱ्याने वाढलेलं जेवले. शेवटचं कधी जेवले होते असं, ते आठवायला लागले. तुझ्या बारशाच्या आधी माहेरी जेवले असेन. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीने, असं मी मालकिणीला सांगितलं. तिने पटल्यासारखं दाखवलं.

जेवणानंतर सगळ्यांना शहर बघायला नेलं होतं, जुना राजवाडा, सोनेरी छपरं. सुंदर होतं. पण मला विचारशील तर ह्या गावातलं बघण्यासारखं ठिकाण म्हणजे ते स्टूल.

आई


शनिवार, अजून तिथेच

तुझा निरोप मिळाला. "साहेबांना कळू देऊ नकोस, एवढंच सांग तिला." सूनबाई म्हणाली, कालचं पत्र वाचून झाल्यावर तू अर्ध्या ताटावरून उठलास आणि जाताना एवढं बोललास.

बरं. मग मीही थोडं बोलते.

आज सकाळी बाईसाहेब माझ्याशेजारी बसमध्ये बसल्या. चांगल्या आहेत, पण जिभेला हाड नाही. म्हणाल्या, "मावशी, मुलंबाळं?" म्हटलं, "एक मुलगा." "काय करतो?" "मोठ्या कचेरीत आहे." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मोठ्या कचेरीत आहे आणि तुम्हाला ह्या वयात असं कामाला पाठवतो?"

मला राग आला. तुझ्यावर कुणी बोट उचललं की मला राग येतो, त्याला मी काय करू? म्हटलं, "तो नाही पाठवत. त्याच्या घरी मला काही कमी नाही. मी येते. मला येतं म्हणून येते. परवाची दुपार तुम्ही पाहिलीत ना? ती घरी कोचावर बसून झाली असती का?" बाईसाहेब माझा हात धरून म्हणाल्या, "नशीबवान आहे हो तुमचा मुलगा." मी म्हटलं, "त्यालाही सांगा कधीतरी."

चुकून निघून गेलं तोंडातून. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

कंपनीच्या मोठ्या बाईंचा फोन आला होता. खुर्चीवर चढल्याची बातमी पोचली तिकडे. पुढच्या हंगामापासून मला सगळ्या टूरच्या जेवणाची प्रमुख करणार आहेत. घरच्या जेवणाबरोबर प्रत्येक मुक्कामी एक जेवण बाहेर, आणि ते कुठे ते मी चाखून ठरवायचं. मी हो म्हटलंय. तुला विचारलं नाही, सांगते आहे.

आता मुद्द्याचं. उद्या शेवटचा मुक्काम. पेटी तिथे माझी वाट बघतेय. उद्या दुपारच्या जेवणाला, ह्या कंपनीची रीत आहे, सगळ्यांनी एकेक करून उभं राहायचं आणि आपली ओळख सांगायची, नाव, आडनाव, गाव, घरी कोण कोण, मुलं काय करतात. मंडळी, मॅनेजर, आणि स्वयंपाकीणसुद्धा. साहेब समोरच असतील.

इतके दिवस मी अळीमिळी गुपचिळी राहिले ते कुणी सरळ विचारलं नव्हतं म्हणून. उद्या सरळ विचारतील. तुझ्याशिवाय माझं दुसरं कुणी नाही, तर घरी कोण आहे ह्याला मी काय उत्तर देऊ? मला मूल नाही म्हणू? की दुसऱ्याच कुणाचं नाव सांगू? बाळा, तुला मला लपवता आलं. मला तुला लपवता येत नाही. तुझं नाव ऐकून मी एका माणसाला मोजता येणार नाहीत इतक्या पोळ्या वाढल्या, तिथे उभ्या उभ्या मी खोटं काय बोलणार!

तेव्हा काय सांगायचं ते तू ठरव आणि सूनबाईजवळ सांग. नाहीच काही सांगितलंस, तर मी मान वर करून खरं ते सांगीन. मग तुझं जे व्हायचं ते होवो, माझं जे व्हायचं ते होवो. परत आल्यावर तुझ्या दारात उभं राहायचं की दुसरी खोली बघायची, ते त्यानंतर बघू.

आई


रविवार, शेवटचा मुक्काम

लाडोबा,

सकाळपर्यंत तुझा निरोप नाही. सूनबाईला विचारलं, ती म्हणाली, "ते पहाटेच उठून गच्चीवर गेलेत, फोन घेऊन. बोलत नाहीत माझ्याशी." म्हटलं, झालं. राजे रुसले. मी पेटी उघडली आणि कामाला लागले.

आज मी जीव ओतून केलं सगळं. ह्या स्वयंपाकघराची खिडकी समुद्रावर आहे. पोळ्या लाटता लाटता जहाजं बघत होते, म्हणजे आजचं फिरणं कामावर असतानाच उरकलं. डाळ अशी उतरली होती की मीच मला शाबासकी दिली. शिवाय त्या गल्लीतल्या मालकिणीची लसणाची पालेभाजी मी इथे करून पाहिली. तिच्याइतकी झाली नाही. पण तिला ते कुठे कळणार आहे!

मंडळी बसली. वाढून झालं. मग ओळखी सुरू झाल्या. बँकवाले काका नातवंडांवर घसरले, थांबेचनात. गुडघेवाल्या आजींनी गाणं म्हटलं. मॅनेजर उठला, म्हणाला, "आणि आता आपल्या मावशी."

मी पदराला हात पुसले. सगळे माझ्याकडे बघत होते. मान वर होती हं. तोंड उघडलं, आणि एकदम साहेब उभे राहिले.

म्हणाले, "थांबा. ह्यांची ओळख मी करून देतो. मला तसं सांगण्यात आलंय."

मला काही कळेना. ते म्हणाले, "आज सकाळी मला आमच्या ऑफिसातल्या एका मुलाचा फोन आला. म्हणाला, साहेब, मी तुम्हाला म्हटलं होतं की आई फिरायला गेलीय. ती आता तुमच्याच टूरवर आहे. तुम्हाला रोज वाढते ती माझी आई. मी शिकलो ते तिच्या पोळ्यांवर शिकलो. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आणि साहेब, एक काम करा. मंडळी जेवायला बसली की ती बसत नाही. जन्मभर मी जेवलो आणि ती वाढत राहिली, ती कधी जेवली ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हेही मला परवा कळलं, एका परक्या बाईने तिला बसवलं तेव्हा. आज तिला आधी बसवा. माझ्यातर्फे तुम्ही वाढा."

अरे, बाईसाहेब "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात घेऊन बसल्या, बसमधलं आठवलं असणार. साहेबांनी स्वतःची खुर्ची ओढली, मला तिच्यावर बसवलं, आणि वाढायला लागले. त्यांना वाढता येत नाही. डाळ भातावर पडायच्या ऐवजी टेबलावर सांडली. ह्या माणसाच्या हाताखाली तू कसा काम करतोस कोण जाणे. बाईसाहेबांनी पोळी वाढली. परत वाढली. मी "नको, नको" म्हणाले तरी वाढली. शेवटी मी ताटावर हात आडवा धरला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बँकवाले काका म्हणाले, "मावशी, ओळख राहिलीच की!" मी बसल्या जागेवरून सांगितलं. तुझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि "माझा मुलगा" असं म्हटलं. एवढ्या मोठ्याने म्हटलं की आतून आचारी बाहेर आले.

सूनबाईला विचारलं, फोन करून खाली आला तेव्हा कानशिलं लाल होती का? म्हणाली, "लालभडक." म्हणजे खरं बोलतानाही होतात तर. इतकी वर्षं मी तुला उगाच खोटारडा समजत होते.

मंगळवारी उतरते. घ्यायला ये. पेटी जड आहे, आणि ती तूच उचलायची, सगळ्यांच्या देखत. साहेबही असतील.

आता फोन करायला हरकत नाही. फक्त दुपारी एकच्या सुमाराला करू नकोस. त्या वेळी मी बसून जेवत असते.

तुझी,
आई